२०×२००: प्रिंट छोटी घ्या, पैसे फ्रेमसाठी राखा

न्यूयॉर्कच्या गॅलरीचालक जेन बेकमन यांनी २००७ साली चित्रांच्या छापील प्रती विकणारी २०×२०० ही साइट काढली, तेव्हा सगळा हिशेब नावातच होता. एका चित्राच्या लहान मापातल्या २०० प्रती, प्रत्येकी २० डॉलरला. त्याहून मोठ्या मापात २० प्रती, २०० डॉलरला. सगळ्यांत मोठ्या मापात फक्त २ प्रती, २००० डॉलरला. मध्ये २०१३ साली साइट काही महिने बंद होती, त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. वीस डॉलरचा भाव आता गेला, पण धोरण तेच आहे: आजच्या चित्रकार-फोटोग्राफरांचं काम, मोजक्या प्रती, उत्तम कागद आणि सोबत कलाकाराच्या सहीचं प्रमाणपत्र.

साइटची खरी जमेची बाजू म्हणजे निवड. साची आर्टसारख्या ऑनलाइन कलाबाजारात कलाकार स्वतःच आपलं काम चढवतात, त्यामुळे माल अफाट आणि चाळण्याचं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात. इथे कुणीतरी आधी चाळून ठेवलेलं असतं. वायमरानर जातीच्या कुत्र्यांच्या फोटोंसाठी प्रसिद्ध असलेले विल्यम वेगमन इथे सापडतात. न्यूयॉर्कमधल्या प्रत्येक माणसाचं रेखाटन करायचा ध्यास घेतलेला जेसन पोलन (तो २०२० मध्ये गेला) सापडतो. आयफोनवर बोटाने चित्रं काढणारे जॉर्ज कोलंबोही सापडतात; त्यांचं तसलंच चित्र २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं होतं.

मात्र आवडलेलं चित्र लगेच कार्टात टाकू नका. आधी त्या कलाकाराची स्वतःची साइट उघडा आणि ते चित्र ज्या मालिकेतलं आहे ती पूर्ण बघा. फोटोग्राफर क्रिस्तियाँ शेझ यांचा पोर्तुगालच्या एका छोट्या किनाऱ्याचा फोटो सुटा पाहिला तर नुसता देखणा वाटतो. मालिका पाहिली की कळतं, कॅमेरा वर्षानुवर्षं त्याच कड्यावर आहे. बदलतात ती माणसं, छत्र्या, भरती-ओहोटी आणि ऊन. मग त्यातला कोणता फोटो आपल्याला हवा, हे ठरवायला काहीतरी आधार मिळतो. एखाद्याचं एकच काम बरं असेल आणि बाकी सगळं पाणचट, तर तेही लगेच उघडं पडतं.

आता ‘लिमिटेड एडिशन’बद्दल. प्रतींची मर्यादा प्रत्येक मापाला वेगळी असते. मूळच्या हिशेबातही एका चित्राच्या प्रती २०० नव्हत्या, तर २०० अधिक २० अधिक २ म्हणजे २२२ होत्या. म्हणून खरेदीच्या पानावर सगळ्या मापांचे आकडे बघा आणि बेरीज करा. पुढे विकून नफा होईल या आशेने यात पैसे घालणं मला तरी पटत नाही. रोज बघायला आवडेल तेच घ्यावं. तेवढ्यासाठी हजार प्रती असल्या तरी काय बिघडलं?

माप निवडताना बहुतेकांची फसगत होते. दिलेलं माप कागदाचं असतं, चित्राचं नव्हे. भोवती पांढरी किनार असते, त्यामुळे ८×१० इंची प्रिंटमधलं चित्र वहीच्या पानापेक्षाही लहान निघू शकतं. वर्तमानपत्राचा त्या मापाचा तुकडा कापा, आतल्या चित्राची चौकट पेनाने आखा, भिंतीला चिकटवा आणि खोलीच्या दारातून बघा. बारीक तपशिलाचं काम, म्हणजे रेखाटनं किंवा गर्दीचे फोटो, जवळून बघायचं असतं. त्याला ८×१० पुरतं. सोफ्यामागे लावायचं असेल तर ११×१४च्या खाली जाऊ नका. रंग बघताना मोबाइलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा. मॅट कागदाला मागून उजेड नसतो, म्हणून पडद्यावर चमकणाऱ्या गडद छटा कागदावर मिटल्यासारख्या दिसतात. रात्रीचे फोटो घेताना हे हमखास नडतं.

फ्रेमची गोम इंच आणि सेंटिमीटरमध्ये आहे. १६×२० इंच म्हणजे ४०.६×५०.८ सेंमी. आयकियासारख्या दुकानातल्या ४०×५० सेंमीच्या तयार फ्रेममध्ये ही प्रिंट सहा-आठ मिलिमीटरने अडते. ८×१०चंही तेच: २०×२५ सेंमीची फ्रेम तीन-चार मिलिमीटरने अपुरी. कडा कापायचा मोह आवरा. एक माप मोठी फ्रेम घेऊन आत माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) कापून घेणं हाच सरळ उपाय.

आपल्याकडचे फ्रेमवाले विचारल्याशिवाय तीन गोष्टी करतात आणि तिन्ही घातक आहेत: प्रिंट गोंदाने एमडीएफच्या फळीवर चिकटवणं, वरून लॅमिनेशन करणं आणि काच थेट कागदाला टेकवणं. चिकटवलेली प्रिंट पुन्हा सुटत नाही. काच टेकली की पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते, कागद काचेला चिकटतो, बुरशीचे पिवळट ठिपके उठतात. म्हणून फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा: माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेले) हवेत, माउंट निदान दोन मिलिमीटर जाड हवा, आणि प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी कागदी हिंजवर (छोट्या पट्ट्यांवर) टांगायची. अशा प्रिंटचा कापसाचा कागद हवेतला ओलावा पिऊन फुगतो. चारही बाजू टेपने बांधल्या तर त्याला सरकायला जागा उरत नाही आणि मध्ये लाटा येतात. सेलोटेप तर नकोच, त्याचा तेलकट डाग कागदात उतरतो. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. मुंबई-कोकणात पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर प्रिंट लावूच नये.

मोठी प्रिंट नळकांड्यातून आली तर ओढून काढू नका, कडेला चंद्रकोरीसारखी घडी पडते. हात धुऊन, कोरडे करून, गुंडाळी थोडी आवळून अलगद बाहेर घ्या. मग स्वच्छ कागदाच्या दोन तावांमध्ये ठेवून वर सपाट वजन देऊन दिवसभर सोडा. उलट दिशेने गुंडाळून सरळ करायला जाल तर शाईच्या थराला चिरा जातील.

भारतात मागवायचं असेल तर आधी चेकआउटपर्यंत जाऊन पाठवणी होते का आणि खर्च किती ते बघा. सीमाशुल्क नुसत्या वस्तूवर नव्हे, तर पाठवणी आणि विमा धरून होणाऱ्या रकमेवर लागतं. लहान प्रिंटला हा खर्च प्रिंटच्याच किमतीशी स्पर्धा करतो. अमेरिकेत नातेवाईक असतील तर ८×१०ची सपाट प्रिंट दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये बॅगेत सहज येते. फ्रेम करून मागवू नका. वजन वाढतं आणि कोपरे ठेचतात.

साइटवर व्हिंटेज एडिशन्स म्हणून जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या चित्रांचाही विभाग आहे. तिथे पैसे पडतात ते निवड, स्कॅनची साफसफाई आणि छपाईचे. यातलं बरंच काम स्वतः करता येतं. डोरोथिया लँग यांच्या १९३६च्या ‘मायग्रंट मदर’ या फोटोची मोठी फाइल लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवरून फुकट उतरवता येते. ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) ८×१० इंचांसाठी २४००×३००० पिक्सेल पुरतात. चांगल्या लॅबमध्ये कॉटन रॅग (कापसाचा) कागद आणि पिगमेंट शाई मागा, आणि ‘ऑटो करेक्शन’ बंद ठेवायला सांगा, नाहीतर जुन्या फोटोतल्या करड्या छटा काळ्या-पांढऱ्या होऊन बसतात.