आयपी कोर विकत घेताय? आधी टेस्टबेंच मागा

सोलापुरात आम्ही तिघे मिळून यंत्रमागाच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डसाठी (कापडात नक्षी विणणारं उपकरण) कंट्रोलर बनवतो. पुढे चिप करायचा विचार आहे, सध्या एफपीजीएवर, म्हणजे हवं ते सर्किट भरता येणाऱ्या तयार चिपवर, भागवतो. वेळ वाचावा म्हणून दोन वेगळ्या क्लॉकमध्ये (सर्किटला ठेका देणारा सिग्नल) डेटा नेणारा एक तयार आयपी कोर, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला सर्किटचा कोड, विकत घेतला. पाऊण लाख मोजले, तेही आगाऊ. कोड हाती पडणार पैसे जमा झाल्यावरच.

त्याआधी विक्रेत्याने दाखवला तो एक देखणा रिपोर्ट: कोड कव्हरेज ९८ टक्के, वर ‘सिलिकॉन प्रूव्हन’चा, म्हणजे प्रत्यक्ष चिपमध्ये चालून दाखवल्याचा शिक्का. कुठल्या फाउंड्रीत (चिपच्या कारखान्यात), किती नॅनोमीटरवर, हे मी विचारलंच नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखान्यात बोर्ड बसवला. दोन-तीन तास टॉवेल सुरेख निघायचा आणि मध्येच एखाद्या ओळीत नक्षी सरकायची. आम्ही आठवडाभर वायरिंग तपासत बसलो. शेवटी मालक म्हणाले, “साहेब, माग ठीक आहे. तुमच्या डब्यात बघा.”

डब्यातच होतं. फिफोचा, म्हणजे डेटा आला त्याच क्रमाने पुढे देणाऱ्या रांगेचा, पॉइंटर (रांगेतली जागा सांगणारा आकडा) साध्या बायनरीत एका क्लॉकमधून दुसरीकडे नेला होता. ७ वरून ८ वर जाताना ०१११ चे १००० होतात, चारही बिट एकदम बदलतात. दुसऱ्या क्लॉकने नेमकं तेव्हाच वाचलं तर भलताच आकडा मिळतो. म्हणून तिथे ग्रे कोड वापरतात, त्यात एका वेळी एकच बिट बदलतो. साध्या सिम्युलेशनमध्ये हा दोष दिसत नाही, त्यासाठी सीडीसीची (एका क्लॉकमधून दुसऱ्यात जाणाऱ्या सिग्नलची) तपासणी वेगळी करावी लागते.

मग मला टेस्टबेंचचाही, म्हणजे कोर तपासणाऱ्या चाचणीच्या कोडचाही संशय आला. मुद्दाम फुल फ्लॅग (रांग भरल्याची खूण) कायमचा शून्य केला आणि टेस्ट चालवली. स्क्रीनवर आलं, ‘टेस्ट पास’! फाइल उघडली तर आलेला डेटा पाठवलेल्या डेटाशी कुठे ताडूनच पाहिलेला नव्हता. शेवटी फक्त ‘पास’ छापणारी ओळ. कव्हरेज ओळ चालली का एवढंच सांगतं, उत्तर बरोबर आलं का ते नाही. ही चूक नव्हे, उघड फसवणूक आहे.

तुम्ही घेणार असाल तर लिंट (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारी तपासणी) आणि सीडीसीचे रिपोर्ट ‘चालेल’ म्हणून माफ केलेल्या इशाऱ्यांच्या यादीसकट मागा, आणि त्या प्रत्येक माफीचं कारणही. टेस्टबेंच आपल्या मशीनवर चालवा, एखादी ओळ बिघडवून बघा. व्हीएसआयए या संस्थेने अशा तपासणीसाठी क्यूआयपी नावाची प्रश्नावलीच बनवली होती. त्यातले चार प्रश्न मी आधी विचारले असते तर पैसे वाचले असते.

परतावा मागितला तर विक्रेत्याने करारातलं ‘आहे त्या स्थितीत’ हे कलम दाखवलं. फिफो आम्ही घरीच नव्याने लिहिला, अकरा दिवस लागले. आता त्याच मागावर दोन महिने झाले, नक्षी सरकलेली नाही.