कळा आणायच्या ठरल्यावर: एन्टोनॉक्स, ट्रामाडॉल की एपिड्यूरल?

तारीख उलटली, पाणी कमी झाले किंवा रक्तदाब वाढला म्हणून कळा आणायच्या असे डॉक्टरांनी सांगितले की घरात चर्चा सुरू होते ती जेल आणि ड्रिपची. वेदना कशा सोसायच्या याचा विचार बहुधा लेबर रूममध्ये पोहोचल्यावरच सुचतो. माझी दोन्ही बाळंतपणे कळा आणून झाली. पहिल्या खेपेस मी एन्टोनॉक्स हा मास्कमधून ओढायचा वायू आणि ट्रामाडॉल या वेदनाशामकाचे इंजेक्शन घेतले, दुसऱ्या खेपेस एपिड्यूरल, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई टोचून बसवलेल्या बारीक नळीतून दिले जाणारे बधिरतेचे औषध. खालचा आढावा त्या अनुभवावर बेतलेला आहे आणि तो कळा आणण्यापुरताच आहे, कारण माझा सगळा युक्तिवाद ड्रिपभोवती फिरतो.

जेल, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या किंवा फोलीचा फुगा यांनी पिशवीचे तोंड मऊ होण्याचा टप्पा लांबतो, कंटाळवाणा होतो, पण माझ्या मते त्यासाठी मोठे उपाय लागत नाहीत. परवानगी असेल तर चालावे, कोमट पाण्याने अंघोळ करावी, कंबर शेकून घ्यावी. माझ्या आईने माकडहाडाच्या वर दोन्ही तळहात रोवून कंबर दाबून धरली होती आणि त्या काही तासांत मला त्याहून अधिक कशाचीच गरज भासली नाही. खरी निवड पुढे, कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप लागल्यावर करायची असते. आपोआप सुरू झालेल्या कळा हळूहळू जोर धरतात आणि तेवढ्यात शरीर सरावते. ड्रिपचा वेग मात्र साधारण अर्ध्या अर्ध्या तासाने वाढवत नेतात, दहा मिनिटांत तीन-चार कळा येईपर्यंत, आणि त्या वाढीशी जुळवून घ्यायला फारशी उसंत मिळत नाही. आणलेल्या कळा अधिक वेदनादायी असू शकतात हे गरोदर स्त्रीला आधीच सांगावे, असे ब्रिटनमधील नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही म्हणतात.

ड्रिप चालू असताना बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावे लागते. त्यासाठी पोटावर दोन पट्टे बांधतात, एक कळा मोजणारा आणि एक ठोके टिपणारा. माझा निर्णय ज्या एका त्रासाने ठरवला तो या दुसऱ्या पट्ट्याचा. पहिल्या खेपेस श्वासाचे व्यायाम, मोठ्या चेंडूवर बसून डोलणे, कळ आली की पुढे वाकून उभे राहणे, अशी सगळी तयारी मी केली होती. प्रत्यक्षात मी कुशीवर वळले तरी ठोक्यांचा आवाज तुटायचा, कागदावरची रेघ नाहीशी व्हायची आणि सिस्टर धावत यायच्या. पुन्हा थंडगार जेली, पुन्हा ठोक्यांचा शोध, आणि मग तेच वाक्य: “ताई, आता अशाच पडून राहा.” त्यांचे काहीच चुकत नव्हते, कारण ती रेघ दिसणे बाळासाठी आवश्यकच होते. पण वेदना सुसह्य करणारी माझी एकूण एक साधने हालचालीवर अवलंबून होती आणि ड्रिपने नेमकी हालचालच काढून घेतली.

एन्टोनॉक्सची मोठी जमेची बाजू म्हणजे मास्क आपल्याच हातात असतो. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे हे निम्मे-निम्मे मिश्रण काही श्वासांत परिणाम दाखवते आणि सोडले की काही मिनिटांत उतरते. मात्र ते कळ उमटू लागतानाच ओढायला हवे, म्हणजे शिखराला पोहोचेपर्यंत त्याचा अंमल सुरू होतो. कळांमध्ये अंतर होते तोवर मला हा ताल साधला. ड्रिप वाढल्यावर एक कळ पुरती ओसरण्याआधी दुसरी येऊ लागली आणि डोके मात्र गरगरत राहिले. शिवाय छोट्या रुग्णालयांत हा वायू मिळेलच असे नाही.

ट्रामाडॉल सहज मिळते, स्वस्त आहे आणि त्यासाठी भूलतज्ज्ञ लागत नाही. काही जणींना त्याने चांगली विश्रांती मिळते, हे मी नाकारत नाही. मला मात्र मळमळ झाली आणि दोन कळांमध्ये डोळा लागू लागला. प्रत्येक वेळी जाग यायची ती कळेच्या ऐन शिखरावर. दुखणे फारसे हटले नाही, त्याला सामोरे जाण्याचे भान तेवढे गेले. या वर्गातली (ओपिऑइड, म्हणजे अफूसारखी काम करणारी) औषधे बाळापर्यंत पोहोचतात, त्यामुळे प्रसूती जवळ आली असेल तर ती देताना डॉक्टर विचार करतात.

एपिड्यूरलवरचा नेहमीचा आक्षेप असा की स्त्री पलंगाला खिळते. पण ड्रिप आणि पट्टे लागलेली स्त्री आधीच खिळलेली असते. ती किंमत चुकवून झाली असताना बदल्यात आराम का घेऊ नये, हा विचार मला पटला. सुई टोचताना पाठीची कमान करून कळेतही निश्चल बसावे लागले, तो भाग कठीण होता. त्यानंतर सुमारे वीस मिनिटांत दुखणे उतरले, कळ आली की पोट घट्ट होत असल्याचे जाणवत राहिले आणि ड्रिप वाढवली तरी मी आईशी बोलू शकत होते. तोटेही सांगायलाच हवेत. रक्तदाब उतरू शकतो, खाज सुटते, लघवीसाठी नळी लागू शकते, कधी एकच बाजू बधिर होते आणि शंभरातल्या साधारण एकीला नंतर तीव्र डोकेदुखी होते. जोर देण्याचा टप्पाही लांबू शकतो. परंतु त्याने सिझेरियनची शक्यता वाढते ही भीती 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात) खरी ठरली नाही, आणि 2005 नंतरच्या चाचण्यांत चिमटा किंवा व्हॅक्यूम लागण्याचे प्रमाणही वाढलेले आढळले नाही. कायमच्या पाठदुखीचा संबंधही त्या आढाव्यात दिसला नाही.

ज्या रुग्णालयात बिनतारी पट्टे आहेत आणि ते लावून चालू देतात, तिथे माझे गणित बदलेल; तिथे मीही आधी चेंडू आणि एन्टोनॉक्स यांना संधी देईन. इतरत्र माझा कल एपिड्यूरलकडेच राहील. त्यासाठी काही चौकशी मात्र दाखल होण्याआधीच करावी. भूलतज्ज्ञ रुग्णालयातच असतात की बोलावल्यावर येतात, रात्री किती वेळ लागतो, आणि खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, हे स्पष्ट विचारून घ्यावे. प्लेटलेटचा (रक्त गोठवणाऱ्या पेशींचा) अहवाल हाताशी ठेवावा. रक्त पातळ करणारी इंजेक्शने चालू असतील तर शेवटचे कधी घेतले ते सांगावे, कारण त्यानंतर काही तास जाऊ द्यावे लागतात. पिशवीचे तोंड अमुक बोटे उघडल्याशिवाय एपिड्यूरल देता येत नाही असे कोणी म्हटले तर नम्रपणे कारण विचारावे, कारण स्त्रीची मागणी हेच पुरेसे कारण आहे अशी अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्या संघटनांची भूमिका आहे. दुसरे बाळंतपण असेल तर ड्रिप लावतानाच भूलतज्ज्ञांना कळवायला सांगावे. अशा वेळी पिशवीचे तोंड अनेकदा फार वेगाने उघडते, आणि मग एन्टोनॉक्सशिवाय कशालाच वेळ उरत नाही.