पंप रोजचा की सर्दीपुरता?

आमच्या घरात दोन पोरं, दोघांचीही छाती वाजते. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा, जावेची मुलगी चार वर्षांची. डॉक्टरांनी तिला रोजचा स्टिरॉइडचा पंप दिला, याला नाही. सासूबाईंचा रोकडा सवाल, "एका ताटात जेवणारी पोरं, औषध वेगळं कसं?"

मुलाचं गणित सोपं. जूनमध्ये बालवाडी सुरू झाली की नाक गळतं, दुसऱ्या-तिसऱ्या रात्री छातीत सूं सूं, आठवड्यात सगळं साफ. एरवी रंकाळ्यावर कबुतरांमागं पळतो, साधा खोकतही नाही. पुतणीला सर्दीचं निमित्त लागत नाही. दिवाळीनंतर गावाकडं गुऱ्हाळं पेटली की चुलवाणाच्या धुरानं खोकला, खदखदून हसली तरी दम, पहाटे तीनला उठून बसते. त्यात कोपराच्या खोबणीत खाजरे चट्टे आणि जावेला स्वतःला दमा. दमा पुढं टिकेल की काय, ही शंका या दोन गोष्टींनी बळावते.

युरोपातल्या श्वसनतज्ज्ञांनी २००८ मध्ये अशीच विभागणी मांडली: फक्त सर्दीतली घरघर आणि अनेक कारणांनी होणारी घरघर. पण बरीच मुलं एका गटातून दुसऱ्यात जातात, हे त्यांनीच पुढं मान्य केलं. म्हणून आज मिळालेलं उत्तर वर्षभरानं पुन्हा तपासायचं.

फुप्फुसांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या टक्सनचा अभ्यास मला सगळ्यात पटला. १९८० पासून तिथं १,२४६ बाळांची नोंद ठेवली. तीन वर्षांच्या आत छाती वाजलेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के सहाव्या वर्षापर्यंत मोकळी झाली. या मुलांची फुप्फुसाची क्षमता आजारी पडण्याआधीच, तान्हेपणी, कमी होती. गरोदरपणी आईचं धूम्रपान हे त्यामागचं एक कारण. ज्यांची घरघर टिकली त्यांची सुरुवात मात्र ठीक होती, क्षमता सहाव्या वर्षापर्यंत घसरली.

मग रोजच्या पंपानं ही घसरण थांबते का? नाही. एका अभ्यासात पुतणीसारख्याच, दम्याचा धोका असलेल्या २८५ मुलांना दोन वर्षं स्टिरॉइडचा पंप किंवा औषध नसलेला नुसता दिखाऊ पंप दिला. खरा पंप चालू होता तोवर त्रास कमी. बंद केल्यावर वर्षभरात दोन्ही गट सारखेच. वर दोन वर्षांत खऱ्या पंपवाल्यांची उंची साधारण १.१ सेंटिमीटरनं कमी भरली. पुतणीची झोप त्याहून मोलाची, असं जाऊ म्हणते आणि मला पटतं. माझ्या मुलाच्या बाबतीत हा सौदा तोट्याचा. त्याला सर्दीत दम लागला तरच सॅलब्युटामॉल, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप, मास्कच्या स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून. मास्क गालाला घट्ट, एक फवारा, पाच श्वास, मग दुसरा. साध्या अटॅकला हे वाफेच्या मशीनइतकंच लागू पडतं, आणि मशीनच्या घरघराटानं पोर रडत नाही.

फुंकायची चाचणी, स्पायरोमेट्री, पाच-सहा वर्षांआधी क्वचितच नीट जमते. त्यामागं धावण्यापेक्षा मी मोबाईलवर छातीचा व्हिडिओ काढते, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत आवाज हमखास गेलेला असतो. बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलता-पिता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर मात्र व्हिडिओबिडिओ सोडून थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजलेले असोत.