टेस्ट बघायला दादरचं एक हॉटेल: चहा पाणचट, वाद कडक

नाव लिहीत नाही. मालकांनीच बजावलंय, "ताई, लिहायचं ते लिहा, पण नाव नको. आहेत तेच उठत नाहीत." दादर पश्चिमेला, रानडे रोडच्या आतल्या अंगाला, जुन्या वळणाचं मराठी उपाहारगृह, एवढं पुरे. शिवाजी पार्कवर ज्यांचा रोजचा वावर आहे त्यांना एव्हाना कळलंही असेल.

आयपीएल बघायला इथे जाऊ नका. त्या संध्याकाळी मालक टीव्हीवर बातम्या लावतात आणि कोणी तक्रारही करत नाही. इथे चालते ती फक्त टेस्ट, आणि तीही पहिल्या षटकापासून.

मी क्लब क्रिकेटमध्ये स्कोअरिंग करते. पावसाळ्यात कांगा लीग, एरवी ऑफिसच्या आणि शाळांच्या मॅचेस. टेस्ट बघतानाही माझी वही उघडी असते. वही पसरून तासन्‌तास बसता येईल आणि एकट्या बाईकडे कोणी वळून वळून बघणार नाही, अशी जागा मुंबईत शोधून दाखवा. स्पोर्ट्स बारमध्ये स्क्रीन भिंतीएवढी असते, पण उजेड असा की लेगबाय (अंगाला लागून मिळालेली धाव) लिहिला की बाय (कशालाच न लागता मिळालेली), ते आपलं आपल्याला दिसत नाही. इथे ट्यूबलाइट आहेत. स्वच्छतागृह आहे, त्याला आतून कडी आहे आणि ती लागते. माझे निम्मे गुण इथेच वसूल झाले.

हॉटेलची खरी परीक्षा झाली ती २०२५च्या भारत-इंग्लंड लॉर्ड्स टेस्टच्या पाचव्या दिवशी. १४ जुलै, सोमवार, त्यात संकष्टी. इंग्लंडमधली मॅच आपल्याकडे साडेतीनला सुरू होते, त्यामुळे ऑफिसवाले यायच्या आधी जागा मिळते. आपल्याला जिंकायला १९३ हव्या होत्या, आदल्या रात्री ५८ वर ४ गेलेले. बाहेर पाऊस, दाराशी छत्र्यांची बादली भरलेली, आणि आत रविवारचा वाद अजून उकळत होता.

वाद पंच पॉल रायफल यांच्यावरून. रविवारी सिराजचा एक चेंडू इंग्लंडच्या जो रूटच्या पॅडवर आदळला, रायफलनी नाबाद दिलं, आपण रिव्ह्यू घेतला, म्हणजे निर्णय तिसऱ्या पंचांकडे तपासायला दिला, आणि पडद्यावर चेंडू लेग स्टंपला चाटून जाताना दिसला. अंपायर्स कॉल, म्हणजे मैदानातल्या पंचांचाच निर्णय कायम, रूट नाबाद. पुढे आपल्या डावात त्यांनीच गिलला झेलबाद दिलं, तर रिप्लेमध्ये बॅट आणि चेंडू यांच्यामध्ये सरळ फट. "म्हणजे आपल्या वेळी बोट वर आणि त्यांच्या वेळी खिशात?" हे बेस्टमधून निवृत्त झालेले काका. त्यांचं कोपऱ्यातलं टेबल ठरलेलं आहे, तिथे बसू नका.

बँकेतले काका त्यांच्यासमोर बसतात, पण एका टेबलावर नाही. ते म्हणाले, अंपायर्स कॉलचा नियम समजून घ्या, मग बोला. मग जे झालं त्यासाठी तरी हे हॉटेल बघावं. वाढप्याने स्टंप म्हणून तीन स्टीलचे ग्लास ओळीत लावले आणि बँकेतल्या काकांच्या ताटलीतला साबुदाणा वडा उचलून कडेच्या ग्लासाला भिडवला. "काका, वडा अर्ध्याहून कमी लागतोय. साहेबांनी आधी आऊट दिलं असेल तर आऊट, नाबाद दिलं असेल तर नाबाद. आता बघा," त्याने वडा दोन बोटं आत सरकवला, "अर्धा किंवा जास्त. आता साहेब काय म्हणाले त्याला किंमत नाही." इतकं स्वच्छ मी कॉमेंट्रीतही ऐकलेलं नाही. बेस्टच्या काकांनी शांतपणे तो वडा खाऊन टाकला आणि म्हणाले, "चेंडू लागला म्हणजे लागला." (वडा बँकेच्या काकांच्या बिलात गेला. त्यावरूनही नंतर बोलणं झालं.)

दुसरे पंच शर्फुद्दौला. ते पडद्यावर दिसले की इथे एक ठरलेला हुंकार उठतो, कारण डिसेंबर २०२४ची मेलबर्न टेस्ट कोणी विसरलेलं नाही. यशस्वी जयस्वाल ८४वर खेळत होता, मैदानातल्या पंचांनी नाबाद दिलं होतं. तिसरे पंच म्हणून बसलेल्या शर्फुद्दौलांना स्निकोवर (चेंडू बॅटला लागल्याचा आवाज टिपणारं यंत्र) काहीच दिसलं नाही, तरी चेंडूची दिशा बदललेली डोळ्यांना दिसते म्हणून त्यांनी झेलबाद दिलं. आझाद मैदानावर वाढलेला मुलगा, म्हणजे इथल्यांच्या दृष्टीने घरचाच. त्याच्या जेमतेम दोन महिने आधी आपल्या वानखेडेवर उलटं झालं होतं. न्यूझीलंडविरुद्ध भाऊबिजेच्या दिवशी १४७चा पाठलाग, ऋषभ पंत ६४वर, एजाज पटेलचा चेंडू, स्निकोवर हालचाल. पंत सांगत राहिला की बॅट पॅडला लागली, पण यंत्र म्हणालं म्हणून आऊट. आपण १२१मध्ये आटोपलो, २५ धावांनी हरलो. "एकदा यंत्र खरं, एकदा डोळे खरे. दोन्ही वेळा आऊट मात्र आपलाच," असं बँकेतले काका म्हणाले. त्या दिवसात दोन्ही काकांचं एकमत झालं ते एवढ्यावरच.

माझं विचाराल तर मेलबर्नचा निर्णय बरोबर होता. चेंडू ग्लोव्हजवरून वळलेला दिसतो, उगाच घरचा मुलगा म्हणून डोळे मिटून कसं चालेल? वानखेडेच्या निर्णयाबद्दल मात्र माझी खात्री पटत नाही. हे मी तिथे मोठ्याने बोलले, तर बेस्टच्या काकांनी माझ्याकडे मी जणू मेलबर्नला राहते असं बघितलं. पण गप्प बसवलं नाही. "ताईंचं मत आहे, लिहून घ्या वहीत," एवढंच.

खेळाचं सांगायचं तर आर्चरने पंतचा स्टंप उडवला, राहुल स्टोक्सच्या चेंडूवर पायचीत. आधी नाबाद दिलं होतं, इंग्लंडने रिव्ह्यू घेतला, सगळं लाल, म्हणजे आऊट. इथे कोणी चकार शब्द काढला नाही, हेही नमूद करते. ८२ वर ७, लंचला ११२ वर ८. साडेपाचला हॉटेलमध्ये नवं गिऱ्हाईक येईना, जुनं हलेना. आणि तिथून पुढे रवींद्र जडेजा.

खरा वाद इथे पेटला. जडेजा चौथ्या-पाचव्या चेंडूवर एक घ्यायचा आणि उरलेले एक-दोन तळाच्या बुमराकडे सोपवायचा. बुमराने ५४ चेंडू खेळले, ५ धावा केल्या आणि शेवटी स्टोक्सला उचलायला गेला आणि बाद झाला. बेस्टचे काका अस्वस्थ. "अरे, मार की! समोर बशीर आहे, बोट मोडलेला! दोन टोले, बारा रन!" एका कॉलेजच्या मुलाने त्यांना दुजोरा दिला. आणि मग बँकेतल्या काकांनी आवाज न चढवता एकच शब्द टाकला, "चेन्नई."

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी: जानेवारी १९९९, पाकिस्तानविरुद्ध २७१ हव्या होत्या, ८२ वर ५ गेले होते. सचिन पाठ धरून १३६ करून बसला होता. १७ हव्या असताना सकलेनला मारायला गेला आणि झेल उडाला. उरलेल्या तीन विकेट्सनी मिळून ४ धावांची भर घातली, १२ धावांनी हरलो. "त्याने मारलं, तर आपण आयुष्यभर म्हणतोय मारायला नको होतं. हा थांबला, तर म्हणतोय मारायला हवं होतं," बँकेतले काका. बेस्टच्या काकांनी चहाचा कप बशीवर ठेवला. "सचिनची पाठ गेली होती. ह्याचं काय गेलंय?"

मी जडेजाच्या बाजूची. १८१ चेंडूंत नाबाद ६१, टोकाला बुमरा आणि सिराज. त्या दोघांनी त्याला जी साथ दिली ती पाहून तरी थांबण्यात शहाणपण होतं हे कळायला हवं. आणि वही उघडी असणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. इंग्लंडच्या दुसऱ्या डावात आपण ३२ अवांतर दिल्या होत्या, त्यातल्या बहुतेक बाय. मी ते पान वळवून दोन्ही टेबलांवर फिरवलं. पंतचं बोट दुखावलेलं, यष्टीमागे त्याच्याऐवजी जुरेल, चेंडू वळणं घेत जाणारा, सगळं मान्य. पण त्यावर कोणी भांडत नाही. बायना चेहरा नसतो, शिव्या कोणाला घालायच्या?

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. टीव्ही केबलवर नाही, इंटरनेटवर चालतो, त्यामुळे चित्र मागे पडतं. समोरच्या इमारतीत केबल आहे. म्हणजे रिव्ह्यू चालू असताना आपण बॉल ट्रॅकिंगकडे डोळे लावून बसतो आणि समोरच्या गॅलरीतून निकाल आधी ऐकू येतो. टी-ब्रेक उशिरा घेतला तेव्हा १६३ वर ९, ३० हव्या. नऊनंतर खेळ पुन्हा सुरू झाला. सिराज चांगला तग धरून होता, तीसेक चेंडू. आमच्या पडद्यावर बशीर अजून रनअपच्या टोकाला चेंडू हातात फिरवत होता, आणि समोरून एकाच वेळी चार-पाच घरांतून "अरेरेरे" आलं. मग आम्ही सगळ्यांनी, निकाल ठाऊक असताना, तो चेंडू बघितला: सिराजने बॅटच्या मधोमध अडवला, चेंडू जमिनीवर पडून मागे घरंगळला, लेग स्टंपला टेकला, बेल पडली. १७० सर्वबाद, २२ धावांनी हार. मालकांना हे केबलचं मी आधीही सांगितलंय. ते म्हणतात, इंटरनेट भाच्याने बसवून दिलंय, त्याला वाईट वाटेल.

खाण्याचं थोडक्यात. संकष्टीला साबुदाणा वडा घ्या, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, दाण्याचं कूट हात आखडता न घेता. कोथिंबीर वडी बरी. पियूष गोड, फार गोड. मिसळ दुपारी चांगली असते, पण टी-ब्रेकला स्वयंपाकघरातले सगळे टीव्हीसमोर येतात आणि तेव्हा मागवलेल्या मिसळीची तर्री थंड होऊन येते. चहा पाणचट, आणि तिसऱ्या सेशनला त्याहून पाणचट. कोणी बोलत नाही कारण दोन चहांवर पाच तास बसू देणाऱ्याला चहाबद्दल बोलायची सोय नसते.

जायचं असेल तर साडेतीनच्या आधी पोहोचा. फ्रीजच्या बाजूचं टेबल टाळा, त्याची मोटर सुरू झाली की कॉमेंट्री बुडते. पैसे रोख द्या किंवा क्यूआर कोडवर. आणि पारितोषिक समारंभ बघायचा असेल तर घर गाठा, कारण शेवटची विकेट पडली की मालक रिमोट उचलतात. त्या रात्रीही उचलला. वाढप्या खुर्च्या टेबलांवर चढवत होता आणि बेस्टचे काका फुटपाथवर छत्री उघडून बँकेच्या काकांना सांगत होते की उद्या चेन्नईचं स्कोअरकार्ड घेऊन या, मी दाखवतो.