व्हिडिओ संकलनासाठी जुना डेस्कटॉप: राजारामपुरीतील एका अपग्रेड सेवेचे परीक्षण

जुना डेस्कटॉप व्हिडिओ संकलनासाठी अपग्रेड करून घ्यावा की तो विकून नवा घ्यावा, याचे उत्तर यंत्राच्या वयापेक्षा आपण कोणते फुटेज कापतो यावर जास्त अवलंबून असते. ज्या दुकानाने माझे यंत्र हातात घेण्यापूर्वी हे मला नीट समजावून सांगितले, त्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतील दुकानाच्या कामाचे हे परीक्षण आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण मालक आणि त्यांचा एक कारागीर असे दोघेच तिथे काम करतात, लग्नसराईत त्यांच्याकडे यंत्रे आधीच साचलेली असतात आणि नाव कुठे लिहू नका असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. तरीही त्यांच्या कामाची पद्धत लिहून ठेवण्यासारखी आहे, कारण ती कसोटी म्हणून कोणत्याही दुकानाला लावता येते.

माझे काम लग्ने, मुंजी, शाळांची स्नेहसंमेलने आणि चैत्रात जोतिबाची यात्रा असे असते. यंत्र इंटेलच्या चौथ्या पिढीचे, म्हणजे २०१३ च्या सुमाराचे: आय५-४५७० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. एचडीचे साधे काम त्यावर निघत होते. पण ग्राहक पाहुण्यांच्या मोबाइलवरचे फोर-के व्हिडिओही फिल्ममध्ये घ्यायला सांगू लागले, तेव्हापासून टाइमलाइन, म्हणजे क्लिपा ओळीने मांडून कापण्याची पट्टी, जागेवरून हलेनाशी झाली. दुकानात गेले ती ग्राफिक्स कार्ड घ्यायचे असे ठरवूनच.

मालक म्हणाले, "ताई, कार्डाचं आपण नंतर बघूया की. आधी तुमचं काम कुठं अडतंय ते दाखवा." मग त्यांनी माझा खराच प्रकल्प माझ्याच यंत्रावर उघडायला लावला, शेजारी टास्क मॅनेजर उघडा ठेवला आणि मला नेहमीसारखे काम करायला सांगितले. कॅमेऱ्याच्या एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करण्याचा एक प्रकार) क्लिपांवर प्लेहेड, म्हणजे टाइमलाइनवरची जागा दाखवणारी रेघ, पुढे-मागे ओढला की प्रोसेसर निवांत असे, पण डिस्क शंभर टक्क्यांवर जाऊन बसे. मोबाइलची क्लिप आली की चित्र उलटे होई: डिस्क मोकळी आणि प्रोसेसरचे चारही कोअर पूर्ण व्यस्त. फोटोंचा अल्बम असलेला भाग उघडला तेव्हा रॅम भरून गेली आणि विंडोजने हार्ड डिस्कवर कामचलाऊ जागा वापरायला सुरुवात केली. तक्रार एकच, टाइमलाइन अडकते ही; कारणे मात्र तीन वेगवेगळी. नुसते कार्ड घालून यातले एकच कारण दूर झाले असते.

मोबाइलच्या क्लिपेचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आयफोन २०१७ पासून एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी प्रकारात चित्रण करू शकतात आणि आता पुष्कळ अँड्रॉइड फोनही करतात. फाइल लहान होते, पण ती उलगडण्याचे काम अवघड असते, कारण बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात; आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदलले एवढेच त्यांत नोंदलेले असते. प्लेहेड मधेच कुठे टेकवला की यंत्राला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून सगळे उलगडत यावे लागते. इंटेलच्या प्रोसेसरमधील क्विक सिंक हा भाग हे काम हार्डवेअरवर करतो. परंतु चौथ्या पिढीचा क्विक सिंक एच.२६४ पुरताच आहे. एच.२६५ ची ८-बिट सोय २०१५ च्या सहाव्या पिढीत आली आणि १०-बिटची, म्हणजे रंगांच्या अधिक छटांची, सातव्या पिढीत. म्हणून माझ्या यंत्रात तो सगळा भार प्रोसेसरच्या साध्या कोअरवर पडत होता.

यानंतर कॅबिनेट उघडले. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी मी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली जलद डिस्क, बसवून घेतली होती आणि अपेक्षेइतका फरक का पडला नाही, हे कोडे मला कधीच सुटले नव्हते. कारागिराने केबल धरून दाखवली. एच८१ चिपसेटवर साटाच्या, म्हणजे डिस्क जोडण्याच्या, चार जोडण्यांपैकी दोनच ६ गिगाबिटच्या असतात, उरलेल्या दोन ३ गिगाबिटच्या. एसएसडी हळू जोडणीवर होती आणि जलद जोडणीवर डीव्हीडी ड्राइव्ह. दोन केबलींची अदलाबदल केल्याबरोबर एसएसडीचा वाचनाचा वेग जवळपास दुप्पट झाला आणि या कामाचे वेगळे पैसे त्यांनी लावले नाहीत.

त्यांनी काय विकले नाही, तेही सांगायला हवे. मला एनव्हीएमई, म्हणजे साटाऐवजी पीसीआय एक्स्प्रेसवर चालणारी, एसएसडी हवी होती, कारण तिचा वेग साध्या एसएसडीच्या पाच-सहा पट असल्याचे सगळीकडे वाचायला मिळते. मालकांनी मदरबोर्डवरील उरलेला छोटा स्लॉट दाखवला. तो पीसीआय एक्स्प्रेस २.० चा एका लेनचा आहे, म्हणजे त्यातून सेकंदाला ५०० एमबीपेक्षा जास्त माहिती जाऊच शकत नाही आणि तेवढा वेग साटावरची साधी एसएसडीही देते. मोठा स्लॉट एकच आणि तो कार्डासाठी हवा. शिवाय इतक्या जुन्या बोर्डांवर एनव्हीएमईवरून विंडोज सुरू होण्याची सोय बहुधा नसते. जास्त किमतीचा भाग विकण्याची संधी समोर असताना दुकानदार ग्राहकाला हा हिशेब मांडून दाखवतो, याचे मोल मला फार वाटले.

अखेर ठरले ते असे. रॅम ८ जीबीची १६ जीबी केली. या चिपसेटची मर्यादाच तेवढी आहे. विंडोज आणि सॉफ्टवेअर जुन्या एसएसडीवर ठेवले, चालू प्रकल्पासाठी १ टीबीची नवी साटा एसएसडी घेतली आणि हार्ड डिस्क फक्त काम झालेले प्रकल्प साठवण्यासाठी राहिली. नव्या एसएसडीची क्षमता मोठी घेण्यामागे साधे गणित होते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या फोर-के चित्रणाला तासाला ४५ जीबी जागा लागते, म्हणजे दोन कॅमेऱ्यांवर चार-चार तासांचे लग्न ३६० जीबीपर्यंत जाते आणि त्यात प्रॉक्सी (कापताना वापरायच्या हलक्या प्रती) व कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) धरलेली नाही. आय५ च्या जागी त्याच सॉकेटचा वापरलेला आय७-४७७० बसवला. त्यात कोअर चारच असले तरी थ्रेड, म्हणजे एका वेळी चालणारे कामाचे धागे, आठ आहेत, आणि विजेची ठरलेली मर्यादा दोन्हींची ८४ वॅटच आहे.

कार्डाच्या निवडीवर बराच वेळ गेला आणि तो कारणी लागला. मी जुन्या बाजारातले जीटीएक्स १०५० टीआय सुचवले होते. परंतु त्या पिढीच्या कार्डांसाठी एनव्हिडियाने नेहमीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले असून पुढे केवळ सुरक्षेपुरती अद्यतने मिळणार आहेत. इंटेलची आर्क कार्डे स्वस्त आणि व्हिडिओ उलगडण्यात उत्तम असली, तरी त्यांना रिसायझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी) सोय असलेला बोर्ड लागतो आणि ती या वयाच्या बोर्डात नसते. म्हणून आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड घेतले. ते ७० वॅटमध्ये चालते आणि त्याला वेगळी पॉवर केबल लागत नाही.

केबल लागत नसली तरी वीज लागतेच, म्हणून एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा भाग, हाही तपासला गेला. त्याच्या डब्यावर ४५० वॅट असे मोठ्या अक्षरांत छापलेले होते. कारागिराने मोबाइलचा दिवा धरून खालच्या तक्त्यातली १२ व्होल्टची ओळ वाचून दाखवली: १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट, आणि प्रोसेसर व कार्ड दोन्ही मुख्यतः याच ओळीवर चालतात. प्रोसेसरचे ८४, कार्डाचे ७०, त्यावर पंखे आणि डिस्कच्या मोटरी धरल्या, तर रेंडरच्या वेळी हातात काहीच उरत नाही. वळवाच्या पावसात वीज दहा वेळा जाते-येते तेव्हा असा एसएमपीएस एकटा जळत नाही, मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. १२ व्होल्टवर तीस अँपिअरच्या वर देणारा प्रमाणित एसएमपीएस घेतला. या बिलातला सर्वांत न दिसणारा आणि माझ्या मते सर्वांत आवश्यक खर्च तोच होता.

परिणामाविषयी. मी रिझॉल्व्ह या संकलन सॉफ्टवेअरची सशुल्क स्टुडिओ आवृत्ती वापरते. एच.२६४ चे एचडी काम आता कुठेही अडकत नाही, मोबाइलच्या एच.२६५ क्लिपा कार्ड स्वतः उलगडते आणि दहा मिनिटांच्या फिल्मच्या एक्स्पोर्टला पूर्वी पाऊण तास लागे, तिथे आता साधारण फिल्मच्या लांबीएवढाच वेळ लागतो. खरी परीक्षा मी जोतिबाच्या फुटेजवर घेतली. सासनकाठ्या वर उठतात आणि गुलाल हवेत भरून राहतो, तेव्हा चित्रातला प्रत्येक कण हलत असतो. बदल तेवढे नोंदवण्याची युक्ती तिथे अपुरी पडते आणि कमी बिटरेटला, म्हणजे सेकंदाला कमी माहिती दिली की, गुलालाचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. कार्डावरचा एन्कोडर, म्हणजे फिल्म दाबून फाइल बनवणारा भाग, झपाट्याने काम करतो; पण या दृश्यांत कमी बिटरेटला प्रोसेसरवरचा संथ एन्कोड अजूनही अधिक स्वच्छ दिसला, म्हणून यात्रेच्या फिल्मसाठी मी बिटरेट चांगलाच वाढवून एक्स्पोर्ट करते. संध्याकाळच्या अंधुक दृश्यांवर नॉइज रिडक्शन (दाणेदारपणा घालवण्याची सोय) लावले की फोर-के टाइमलाइनवर कार्डाची ६ जीबी मेमरी कधीकधी अपुरी पडते. एचडी टाइमलाइनवर तसे झालेले नाही.

एका ठिकाणी मात्र हे यंत्र हरते. सोबतचे एक छायाचित्रकार हल्ली सोनीच्या कॅमेऱ्यावर १०-बिट ४:२:२, म्हणजे रंगांची अधिक माहिती साठवणाऱ्या प्रकारात, चित्रण करतात. हा प्रकार एनव्हिडियाची कार्डे २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासूनच हार्डवेअरवर उलगडतात, त्याआधीची नाहीत. इंटेलच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत एच.२६५ साठी ही सोय अकराव्या पिढीपासून आली. त्यामुळे ते फुटेज आले की मी रात्री प्रॉक्सी बनवायला लावते आणि सकाळी कामाला बसते. मालकांनी हे कार्ड घेण्यापूर्वीच बजावले होते की रोजचे काम ४:२:२ चे होणार असेल तर या यंत्रावर एक रुपयाही घालू नका, अंतर्गत ग्राफिक्स असलेला बाराव्या पिढीचा संच घ्या. शिवाजी उद्यमनगरात लेथवर सुटा भाग घडवून वर्षानुवर्षांचे यंत्र पुन्हा चालते करणाऱ्या या गावात दुरुस्तीचा आग्रह सहज धरला जातो. कुठे थांबायचे हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणारा दुकानदार मला म्हणूनच विश्वासाचा वाटतो.

आता उणिवा. वापरलेल्या प्रोसेसरची पावती हाताने लिहिलेली मिळाली, तिच्यावर अनुक्रमांक नव्हता आणि हमी तोंडीच होती. मागितल्यावर त्यांनी दोन्ही लिहून दिले, पण ते मागावे लागू नये. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. आय७ बसवताना जुनी वाळलेली थर्मल पेस्ट स्वच्छ पुसून नवी लावली, हे नीटच झाले. परंतु पंखा इंटेलचा मूळचा लहानच ठेवला. आठही थ्रेडवर लांब रेंडर लावला की दुपारी तापमान ऐंशीच्या पुढे जाते आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. संकलनाचे यंत्र तासन्तास पूर्ण भाराखाली चालते, म्हणून उभा मोठा कूलर त्यांनी आपणहून सुचवायला हवा होता. मी तो नंतर त्यांच्याकडूनच बसवून घेतला. सांगितलेल्या वेळेपेक्षा यंत्र उशिरा मिळाले, तेही लग्नाची एक फिल्म द्यायची असताना.

विंडोजचा प्रश्न कोणत्याही दुकानाच्या हातात नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, वाढीव सुरक्षा अद्यतनांची घरगुती ग्राहकांसाठीची मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. नियम चुकवून विंडोज ११ चढवून देऊ का, असे कारागिराने विचारले. मी नको म्हटले, कारण ग्राहकाचे फुटेज ज्या यंत्रावर आहे तिथे पुढची अद्यतने मिळतील की नाही अशी शंका ठेवणे मला पटत नाही. मुदत संपल्यावर हा डेस्कटॉप इंटरनेटपासून तोडून केवळ कापण्यासाठी आणि प्रॉक्सी बनवण्यासाठी ठेवणार आहे, आणि फाइल पाठवण्याचे काम लॅपटॉपवरून करणार आहे.

ज्यांच्याकडे सहावी ते नववी पिढी आहे, त्यांनी प्रोसेसर बदलण्याच्या फंदात न पडता आधी रॅम आणि एसएसडी पाहावी. कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड डेस्कटॉप स्वस्त मिळतात, परंतु त्यांपैकी बऱ्याच यंत्रांचा एसएमपीएस आणि त्याची जोडणी कंपनीच्या स्वतःच्या मापाची असते, बाजारातला बसत नाही. लहान कॅबिनेट असेल तर कार्डही आखूड उंचीचे लागते. दुकानात जाताना अडकणारा प्रकल्प, प्रत्येक कॅमेऱ्याची आणि मोबाइलची एकेक मूळ क्लिप आणि सर्व माहितीची बाहेरच्या डिस्कवर घेतलेली प्रत एवढे सोबत न्यावे. प्रकल्प न पाहताच जो कार्डाची किंमत सांगू लागेल, त्याच्याकडे यंत्र उघडायला देऊ नये.