आकाशगंगेचं वस्तुमान काढायचंय, तर कोणते तारे घ्याल?

प्रभामंडलातल्या, म्हणजे आकाशगंगेच्या चकतीभोवतीच्या विरळ, गोलसर भागातल्या लांबच्या ताऱ्यांच्या वेगावरून आकाशगंगेचं वस्तुमान काढता येतं. पण भरपूर तारे कुठे मिळतील हे बघण्याआधी वस्तुमान किती अंतरापर्यंतचं हवंय ते ठरवा. तारा त्याच्या कक्षेच्या आतल्या वस्तुमानाचाच हिशेब देतो, बाहेरच्याचा जवळपास नाहीच.

दीड-दोन लाख प्रकाशवर्षांपर्यंत काम असेल, तर क्षैतिज शाखेवरचे (गाभ्यात हेलियम जाळणारे, म्हातारे) निळे तारे उत्तम. मूळचं तेज साधारण सारखं, त्यामुळे अंतर चोख निघतं. 2008 मध्ये स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणातल्या अशा सुमारे 2400 ताऱ्यांवरून जवळपास दोन लाख प्रकाशवर्षांच्या आतलं वस्तुमान 40 हजार कोटी सूर्यांइतकं निघालं होतं. यांच्यात रंगाने तसेच दिसणारे, पण मुळात मंद आणि म्हणून बरेच जवळ असलेले तारे घुसतात. हायड्रोजनच्या वर्णरेषा जास्त रुंद दिसल्या की ते ओळखून काढून टाका.

आरआर लायरी, म्हणजे ठरावीक काळाने तेज कमी-जास्त होणारे तारे, अंतराच्या बाबतीत यांच्याहूनही सरस. वेगाला मात्र तापदायक, कारण तारा स्वतःच फुगतो-आकसतो. एकाच वर्णपटावर विसंबू नका.

के राक्षसी ताऱ्यांचं, म्हणजे फुगलेल्या, थंडसर नारिंगी ताऱ्यांचं, नेमकं उलटं: वेग नीट मिळतो, अंतर नाही. धातूंचं (इथे हेलियमहून जड मूलद्रव्यांचं) प्रमाण बदललं की तेज बदलतं, म्हणून अंतरात 15 टक्क्यांची चूक सहज होते. तरीही तीन लाख प्रकाशवर्षांपलीकडे जायचं तर मी हेच घेईन, आणि त्याचं कारण फक्त तेजस्वीपणा नाही. इतक्या लांबच्या ताऱ्याचा डॉपलर वेग (वर्णरेषा सरकण्यावरून काढलेला, आपल्या दृष्टिरेषेतला) म्हणजे जवळपास फक्त केंद्राकडे किंवा केंद्रापासून दूर जाण्याचा वेग. आडवा वेग त्यात दिसतच नाही. कक्षा लांबुळक्या मानल्या तर वस्तुमान कमी निघतं, गोलसर मानल्या तर जास्त, आकडे तेच! हा अंदाज टाळायला गाया उपग्रहाने मोजलेली स्वगती, म्हणजे ताऱ्याचं आकाशातलं आडवं सरकणं, लागते. दोन लाख प्रकाशवर्षांवर स्वगतीत वर्षाला 0.1 मिलिआर्कसेकंदाची (मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा 36 लाखावा भाग) चूक म्हणजे आडव्या वेगात सेकंदाला सुमारे 29 किमीची चूक, चार लाखांवर 58. तिथल्या ताऱ्यांच्या वेगांचा पसाराच शंभरेक किमीचा. तारा उजळ असला तर गायाची चूक कमी, आणि इथे राक्षसी तारे निळ्यांना मागे टाकतात.

त्याहून बाहेर आकाशगंगेभोवतीच्या छोट्या उपदीर्घिकाच उरतात. त्या मोजक्या, त्यामुळे आठ लाख प्रकाशवर्षांवरची लिओ-1 धरली की वगळली, एवढ्यानेही उत्तर हलतं.

यातलं काहीही निवडलं तरी मोठा मॅगेलॅनिक मेघ ही शेजारची वजनदार उपदीर्घिका विसरू नका. त्याच्या ओढीने आकाशगंगेचा आतला भाग बाहेरच्या प्रभामंडलाच्या तुलनेत सरकतोय. 2021 मध्ये हा वेग सेकंदाला तीसेक किमी मोजला गेला. तो वजा न करता प्रभामंडल स्थिरावलेलं आहे असं धरून चाललात, तर बाहेरच्या भागाचं वस्तुमान फुगून येतं. म्हणून ‘एकूण’ वस्तुमानाचा आकडा वाचताना तारे कुठपर्यंतचे होते आणि पुढचं गणित कोणत्या प्रतिमानावर ताणलंय, हे आधी पाहा.