केळीच्या राखेचा बायोडिझेल संच: राख पक्की, माहितीपत्रक कच्चं

समोसे, कचोरी, आलूबोंड्याच्या कढयांतून उरलेल्या तेलाला नागपुरात तोटा नाही. तेल पुन्हापुन्हा तापून तयार होणारे पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळणीला वापरायला मनाई आहे. मग त्याचं इंधन व्हावं हेच बरं. म्हणून १० लिटरचा हा बायोडिझेल संच मनापासून आवडला: झाकणबंद स्टीलची टाकी, हीटर, ढवळणी, तळाला तोटी आणि कॉस्टिक सोड्याऐवजी केळीच्या सालीची राख.

राख उत्तम. ७०० अंशांच्या आसपास भाजलेली, करडी-पांढरी. तेल आणि मिथेनॉल (एक अल्कोहोल) यांची क्रिया घडवून बायोडिझेल बनवतं ते तिच्यातलं पोटॅशियम कार्बोनेट, त्यामुळे चुलीतली काळी, कोळसा उरलेली राख तिच्या जागी चालणार नाही. १० लिटर तेलाला पावणेतीनशे ग्रॅम राख, पावणेचार लिटर मिथेनॉल, ६० अंश, दोन तास. मिथेनॉल ६५ अंशांजवळ उकळतं, म्हणून थर्मोस्टॅट ६० वर टिकतो हे फार महत्त्वाचं.

घोळ होतो तो तेलात, आणि माहितीपत्रकात त्यावर अक्षर नाही. तेल गाळून ११० अंशांवर तडतड थांबेपर्यंत तापवा, पाणी गेलंच पाहिजे. गार झालं की १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा, फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं दर्शक) टाका आणि लिटरभर पाण्याला १ ग्रॅम कॉस्टिक सोडा असं द्रावण थेंबथेंब सोडा. अडीच मिलीच्या आत गुलाबी रंग टिकला तर तेल चालेल. जास्त लागलं तर तेलातली मोकळी मेदाम्लं २ टक्क्यांच्या वर आहेत: साबण होतो, बायोडिझेलसोबत तयार होणारं ग्लिसरीन खाली बसत नाही, धुताना सगळं दह्यासारखं फाटतं. असं तेल कमी वापरलेल्या तेलात मिसळूनच घ्या.

‘राख पाच वेळा वापरा’ हा माहितीपत्रकातला दावा पटत नाही. पोटॅशियम दर खेपेला ग्लिसरीनबरोबर निघून जातं. पाकीट पावसाळ्यात उघडं राहिलं तर राख ओल धरते, ती पुन्हा भाजावी लागते. झाकणाचं साधं रबरही बायोडिझेलने फुगतं. तिथे व्हायटॉन, म्हणजे इंधनाला टिकणारं रबरच हवं.

तयार इंधन तपासायला ३ मिली घेऊन २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवा. तळाशी थेंब बसला तर तेल अजून शिल्लक आहे. नंतर कोमट पाण्याने, जोरात न ढवळता, पाणी नितळ येईपर्यंत धुवा.

मिथेनॉल विषारी आहे, त्याची ज्योत दिवसा दिसतही नाही. शेगडीजवळ हे काम नकोच. आणि फरसाणवाल्यांचं पाम तेल असेल तर त्याचं इंधन डिसेंबरच्या पहाटे गोठतं, ते उन्हाळ्यातच वापरा.